तीन पिशव्या आणि एक पुडी : वेदनाशामक औषधांच्या दुष्परिणामांचं एक प्रकरण

हे प्रकरण एका बाईचं म्हणून मांडलं असलं, तरी ते कोणा एकीचं नाही. निपाणी, चिकोडी, हुक्केरी या कर्नाटकातल्या, महाराष्ट्राच्या हद्दीलगतच्या पट्ट्यातून येणाऱ्या रुग्णांत ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात, त्या एकत्र जोडून ते शिकण्यासाठी रचलं आहे. औषधं, मात्रा आणि तपासण्यांचे आकडे अशा रुग्णांत जसे आढळतात तसेच ठेवले आहेत.

रुग्ण

वय ५८, वजन ५२ किलो. तिशीपासून घरी बसून विड्या वळायचं काम. मांडी घालायची, मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं आणि जर्दा, मान खाली. दिवसाला आठशे ते हजार विडी. दोन्ही गुडघ्यांची झीज, कंबर धरलेली. रक्तदाब चार वर्षांपासून, गोळ्यांवर आटोक्यात. सहा महिन्यांपूर्वीच्या तपासणीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम बिघडलं की रक्तात वाढणारं द्रव्य) ०.९ आणि हिमोग्लोबिन ११.२. म्हणजे मूत्रपिंडं तोवर ठीक होती. पुढे हीच चिठ्ठी फार उपयोगी पडली.

चैत्र पौर्णिमेची सौंदत्तीची यल्लम्माची जत्रा करून घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून तिला बेळगावच्या एका रुग्णालयात घेऊन आले. तिची तक्रार तिच्याच शब्दांत: "दोन दिस झालं, परसाकडं डांबरागत काळं हुतंय. उठलं की डोळ्यापुढं अंधारी येती."

नाडी मिनिटाला ११२. झोपवून घेतलेला रक्तदाब ९६/६०. जीभ कोरडी, पायांवर मात्र सूज. आदल्या दिवसभरात लघवी एकदाच, तीही गडद पिवळी. हिमोग्लोबिन ७.४, युरिया ११८, क्रिएटिनिन ३.४, सोडियम १२८ म्हणजे कमी, पोटॅशियम ५.९ म्हणजे जास्त. ईसीजीत पोटॅशियममुळे होणारे बदल नव्हते. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांचा आकार नेहमीसारखा. जुन्या आजारात ती बहुधा आक्रसलेली दिसतात. नेहमीचा आकार आणि सहा महिन्यांपूर्वीचं ०.९ हे दोन्ही मिळून सांगत होते की बिघाड नवा आहे, म्हणजे परतवता येण्यासारखा आहे.

काळ्या संडासबद्दल एक खुलासा इथेच करायला हवा, कारण घरोघरी यात गल्लत होते. रक्तवाढीच्या, म्हणजे लोहाच्या गोळ्यांनीही संडास काळपट होते. पण ती घट्ट असते, जराशी हिरवट झाक असते आणि वास नेहमीचाच येतो. जठरातल्या रक्ताची संडास चिकट असते, पाणी ओतलं तरी भांड्याला धरून राहते, चकाकते आणि तिला उग्र, वेगळाच वास येतो. जठरात ५० ते १०० मि.लि. रक्त सांडलं तरी संडास अशी होऊ शकते. पोटात दुखलंच पाहिजे असं नाही. वेदनाशामक गोळ्या दुखणंच दाबतात, त्यामुळे अल्सर होत असतानाही कित्येकदा पोट गप्प असतं आणि पहिली खूण थेट रक्तस्रावाचीच दिसते.

पिशव्या

"कोणती औषधं चालू आहेत?" या प्रश्नाला उत्तर आलं, "बीपीची एक गोळी." तिथेच थांबलं असतं तर पुढचं काहीच उलगडलं नसतं. मुलाला निपाणीला परत पाठवून घरातली सगळी पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, मागवली. तीन पिशव्या आल्या.

पहिली सरकारी दवाखान्याची. रक्तदाबाचं टेल्मिसार्टन ४० मि.ग्रॅ. आणि लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ मि.ग्रॅ. सोबतचं कार्ड कन्नडमध्ये.

दुसरी हद्दीपलीकडच्या, कोल्हापूरकडच्या दवाखान्यातली. अॅस्पिरिन ७५ मि.ग्रॅ. रोज एक, दोन वर्षांपूर्वी छातीत दुखलं म्हणून सुरू केलेलं. अॅसिक्लोफिनॅक १००, पॅरासिटामॉल ३२५ आणि सेरॅशिओपेप्टिडेज यांची एकत्र गोळी, दोन वेळा. पँटोप्राझोल ४० या पित्ताच्या दहा गोळ्यांचं रिकामं पाकीट. आणि टॉरसेमाइड १०, लघवी वाढवणारी गोळी. कागद इंग्रजीत.

तिसरी औषधाच्या दुकानातली, चिठ्ठीशिवाय आणलेली. डायक्लोफिनॅक ५० आणि पॅरासिटामॉल ३२५, दोन वेळा. डायक्लोफिनॅक हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचं औषध आहे.

बाई मराठी वाचते. तीन पिशव्यांवरचा एकही कागद मराठीत नव्हता. पलीकडच्या डॉक्टरांना कन्नड कार्ड दाखवलं गेलं नाही, इकडच्या दवाखान्यात इंग्रजी कागद पोचला नाही, दुकानदाराने यातलं काहीच पाहिलं नाही. प्रत्येकाने दिलेलं औषध एकेकटं पाहिलं तर फारसं चुकीचं नाही. पूर्ण यादी मात्र कोणाच्याच टेबलावर नव्हती.

चार आठवड्यांत काय घडत गेलं

पहिला आठवडा: गुडघे ठणकायला लागले, दुकानातून डायक्लोफिनॅकची गोळी आणली. दुसरा आठवडा: आराम पुरेसा नाही म्हणून पलीकडच्या दवाखान्यात गेली, तिथे अॅसिक्लोफिनॅक मिळालं. आधीची गोळी बंद करा असं कोणी म्हटलं नाही, कारण ती चालू आहे हे कोणी विचारलं नाही. गोळीचा रंग वेगळा, नाव वेगळं, म्हणून घरच्यांच्या लेखी औषधही वेगळं. प्रत्यक्षात अॅसिक्लोफिनॅकचा काही भाग शरीरात डायक्लोफिनॅकमध्येच बदलतो.

हिशेब मांडून पाहू. डायक्लोफिनॅक दिवसाला १०० मि.ग्रॅ.; कमाल मर्यादा १५०. अॅसिक्लोफिनॅक २००, त्याची मर्यादाही तेवढीच. दोन्ही आपापल्या मर्यादेत, पण एकाच जातीची असल्यामुळे शरीरावरचा भार जवळजवळ दुप्पट. त्यावर दोन आठवडी बाजारांच्या दिवशी कमरेत डायक्लोफिनॅक ७५ चं इंजेक्शन. त्या दोन दिवशी नुसतं डायक्लोफिनॅकच १७५ झालं. पॅरासिटामॉल दिवसाला १३०० मि.ग्रॅ.; त्याचा या घटनेत काही दोष नाही.

इंजेक्शन पोटात जात नाही, म्हणून त्याने अल्सर होत नाही, हा समज आपल्याकडे पक्का बसला आहे आणि तो चुकीचा आहे. गोळी जठराच्या आवरणाला थेट टोचते हा नुकसानीचा लहान भाग झाला. मोठं नुकसान रक्तातून होतं.

तिसऱ्या आठवड्यात पावलं सुजली आणि रक्तदाब १३६/८४ वरून १६६/९६ वर गेला. वेदनाशामकांनी मूत्रपिंड मीठ आणि पाणी धरून ठेवतं, त्याची ही ठरलेली खूण. पण सूज दिसली म्हणून टॉरसेमाइड सुरू झालं. एका औषधाच्या दुष्परिणामाला नवा आजार समजून त्यावर दुसरं औषध देणं ही साखळी ओळखायला शिकलं पाहिजे. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा रक्तदाब अचानक वाढला, पाय सुजले, तर पहिला प्रश्न "अंगदुखीची गोळी घेता का?" हाच हवा. या बाईच्या बाबतीत सगळं परतवण्याची सर्वांत सोपी संधी त्या दिवशी होती.

चौथ्या आठवड्यात पँटोप्राझोल संपलं. "पित्त न्हाई तर पित्ताची गोळी कशाला?" म्हणून पुन्हा आणलं नाही. ती गोळी जठराच्या संरक्षणासाठी आहे, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं. असताना तरी ती जेवणानंतर घेतली जात होती. नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी घेतली तरच तिचं काम नीट होतं.

मग जत्रा. चार दिवस ऊन, पाणी बेताचं, तिसऱ्या दिवशी पाच-सहा जुलाब. सगळ्या गोळ्या चालूच.

जठर आणि मूत्रपिंड एकदम का बिघडलं

शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. सांध्यात ती सूज आणि वेदना वाढवतात. जठरात तीच द्रव्यं बुळबुळीत आवरण आणि रक्तपुरवठा राखून आम्लापासून बचाव करतात. वेदनाशामक ही द्रव्यं बनवणाऱ्या विकरालाच (एन्झाइमला) अडवतं. हे औषधशास्त्रज्ञ जॉन वेन यांनी अॅस्पिरिनच्या बाबतीत १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता. गुडघ्यापुरतं अडवायचं आणि जठर सोडायचं, असं औषधाला जमत नाही. वर अॅस्पिरिनमुळे रक्त थांबवणाऱ्या चिकटपेशी (प्लेटलेट) निकामी होतात, म्हणून अल्सर झाला की तो वाहत राहतो. ७५ मि.ग्रॅ. ची छोटी गोळीही यात मोजायचीच.

मूत्रपिंडाचं समजायला वेदगंगेच्या काठच्या उसाचं शेत डोळ्यांपुढे आणा. मूत्रपिंडातली गाळणी म्हणजे एक वाफा. त्यात पाणी आणणारा एक पाट, बाहेर नेणारा दुसरा. वाफ्यात पाण्याची पातळी राहिली तरच गाळप होतं. पाणी कमी पडलं की शरीर दोन गोष्टी करतं: प्रोस्टाग्लँडिनच्या मदतीने येणारा पाट रुंद ठेवतं आणि अँजिओटेन्सिन या दुसऱ्या द्रव्याच्या मदतीने जाणारा पाट आवळतं. डायक्लोफिनॅक येणारा पाट रुंद होऊ देत नाही. टेल्मिसार्टन जाणारा पाट आवळू देत नाही. लघवीच्या गोळ्या विहिरीतलंच पाणी कमी करतात. तिन्ही एकत्र, आणि वर उन्हातले जुलाब. वाफा कोरडा पडला.

टेल्मिसार्टनऐवजी लोसार्टन, एनालाप्रिल किंवा रामिप्रिल असतं तरी हेच झालं असतं. म्हणून रक्तदाबाची गोळी कोणती आहे, हे न पाहता वेदनाशामक देऊ नये.

इथे गिधाडांची आठवण येते. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून पोटात गेलं आणि भारतातली गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते बंद झालं. पुढे २०२३ मध्ये अॅसिक्लोफिनॅकही बंद झालं, कारण गुरांच्या शरीरात त्याचं डायक्लोफिनॅकच होतं. माणसाचं शरीर गिधाडाइतकं नाजूक नाही, पण ज्या अवयवावर घाला पडतो तो तोच.

उपचार

सर्व वेदनाशामकं, अॅस्पिरिन, टेल्मिसार्टन आणि लघवीच्या दोन्ही गोळ्या पहिल्याच तासात बंद केल्या. पायांवर सूज असूनही सलाइन दिलं: सुरुवातीला ५०० मि.लि. अर्ध्या तासात, मग नाडी, रक्तदाब आणि छातीचे आवाज पाहत पुढचं. ही सूज पाहून सलाइन रोखण्याची चूक होऊ शकते. पाणी कातडीखाली साठलं होतं, रक्तवाहिन्या रित्या होत्या. लघवी तासातासाला मोजली.

पँटोप्राझोल शिरेतून ८० मि.ग्रॅ., पुढे ४० दोन वेळा. सलाइननंतर हिमोग्लोबिन ६.६ वर आलं. रक्तस्राव नुकताच झालेला असताना पहिला आकडा फसवा असतो. अंगातलं रक्त कमी झालेलं असतं, पण उरलेलं दाटच असतं. पाणी मिसळल्यावर खरा आकडा कळतो. रक्ताच्या दोन पिशव्या दिल्या.

चोवीस तासांच्या आत दुर्बीण टाकली. जठराच्या खालच्या भागात सुमारे १ सें.मी. चा अल्सर, तळावर सपाट काळा डाग, वाहतं रक्त नाही. दुर्बिणीतून इंजेक्शन किंवा क्लिपची गरज पडली नाही. कडेचे तुकडे तपासणीला पाठवले, कारण जठरातला अल्सर गोळ्यांचाच आहे असं गृहीत धरून कर्करोग नजरेआड करायचा नसतो. त्यात काही निघालं नाही. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची चाचणीही नकारार्थी आली. मात्र रक्तस्रावाच्या दिवसांतल्या अशा उत्तरावर विसंबू नये, ती पुन्हा करायची असते.

पोटॅशियम ५.९ होतं, ईसीजी ठीक होता, म्हणून शहाळं, फळांचे रस आणि पोटॅशियम असलेली सलाइनं टाळून सहा-सहा तासांनी पुन्हा मोजलं. लघवी वाढली तसं ते उतरलं. ६.५ च्या वर जाऊन औषधांना दाद दिली नसती, किंवा फुप्फुसात पाणी भरलं असतं, तर डायलिसिस करावं लागलं असतं.

पुडी

तिसऱ्या दिवशी एक गोष्ट जुळेना. संडासचा रंग निवळत होता, हिमोग्लोबिन ८.५ वर स्थिर होतं, सलाइन पुरेसं गेलं होतं. तरीही रक्तदाब ९२/५८ च्या वर सरकेना, सोडियम कमीच, उलट्या चालू. चेहरा गोल सुजलेला, हातांची कातडी पातळ, त्यावर निळे डाग. हे डाग चार आठवड्यांचे नव्हते.

"गुडघ्याला कोणी पूड, चूर्ण, काढा काही देतं का?" असं नेमकं विचारल्यावर सून म्हणाली, "बाजारातली पुडी घेत्यात की पाच म्हैनं. पण ते झाडपाल्याचं हाय, औषध न्हवं."

त्या एका वाक्यात सगळं आलं. घरचे "औषध" या शब्दात पुडी मोजतच नाहीत. म्हणून प्रश्न "औषध कोणतं घेता" असा न ठेवता "तोंडावाटे काय काय जातं" असा ठेवायचा.

सांधेदुखीवर झटकन उतार देणाऱ्या निनावी पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन मिसळलेलं आढळतं. असं स्टिरॉइड काही महिने पोटात गेलं की शरीर स्वतःचं कॉर्टिसोल, म्हणजे रक्तदाब सांभाळणारं नैसर्गिक स्टिरॉइड, बनवणं मंद करतं. जत्रेला जाताना पुडी घरीच राहिली. चार दिवस बाहेरून मिळेना, आतून बनेना, त्यात जुलाब आणि रक्तस्राव. रक्तदाब न चढण्याचं कारण हे होतं. शिवाय वेदनाशामक आणि स्टिरॉइड एकत्र घेतल्यावर अल्सरचा धोका कितीतरी वाढतो, तेही कोडं इथेच सुटलं.

कॉर्टिसोल मोजण्यासाठी रक्त घेतलं आणि अहवालाची वाट न पाहता हायड्रोकॉर्टिसोन हे स्टिरॉइड १०० मि.ग्रॅ. शिरेतून दिलं, पुढे दर सहा तासांनी ५०. संध्याकाळपर्यंत रक्तदाब ११४/७० झाला आणि उलट्या थांबल्या. कॉर्टिसोलचा अहवाल नंतर आला, तो अपेक्षेप्रमाणे फार कमी होता.

यातून घ्यायची खबरदारी उलट्या बाजूचीही आहे. कोणी महिनोन्महिने पुडी घेत असेल तर "आजपासून फेकून दे" असं सांगून मोकळं होऊ नये. ती एकदम तोडणंच जिवावर बेतू शकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजक्या मात्रेचं स्टिरॉइड देऊन ते हळूहळू उतरवावं लागतं.

नंतर

पहिल्या दिवशी ३०० मि.लि. असलेली लघवी चौथ्या दिवशी १२०० वर गेली. क्रिएटिनिन आधी ३.७ पर्यंत चढलं, मग २.१, नवव्या दिवशी १.३, सहा आठवड्यांनी १.०. औषध थांबवल्यावरही दोन दिवस आकडा चढतो, याने घरच्यांनी घाबरून जाऊ नये.

अॅस्पिरिनचा कागद पुन्हा तपासला. हृदयविकाराचा झटका नाही, स्टेंट नाही. म्हणून ते कायमचं बंद केलं. स्टेंट असता तर निर्णय उलटा झाला असता. तिथे काही दिवसांतच अॅस्पिरिन परत सुरू करावं लागतं, म्हणून अशी गोळी घरच्या घरी बंद करू नये. रक्तदाबासाठी आता अॅम्लोडिपिन ५.

पँटोप्राझोल आठ आठवडे, मग दुर्बिणीतून अल्सर भरल्याची खात्री. त्यानंतर गोळी दोन आठवडे थांबवून संडासची हेलिकोबॅक्टर चाचणी केली, कारण गोळी चालू असताना जंतू लपतो. ती होकारार्थी निघाली आणि १४ दिवसांचा उपचार दिला. डायक्लोफिनॅकच्या जातीची कोणतीही गोळी वा इंजेक्शन तिला यापुढे नको, हे कागदावर मराठीत लिहिलं.

गुडघे दुखतातच. दुखणं खोटं नाही, आणि "गोळ्या घेऊ नका" एवढंच सांगून तिला घरी धाडणं क्रूरपणाचं ठरलं असतं. पॅरासिटामॉल ५०० ते ६५० मि.ग्रॅ., गरजेपुरतं, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. मूत्रपिंडं सावरल्यावर, पुन्हा रक्त तपासून, गुडघ्याला १ टक्क्याचं डायक्लोफिनॅक जेल. गोळीच्या मानाने त्यातलं सुमारे ६ टक्केच औषध रक्तात उतरतं. एका गुडघ्याला एका वेळी ४ ग्रॅम, म्हणजे साधारण साडेचार इंचांची पट्टी. नखभर लावून गुण येत नाही. खुर्चीवर बसून पाय सरळ करून पाच सेकंद धरायचा, दहा वेळा, दिवसातून तीनदा. आणि बसणं बदलायचं: मांडीऐवजी उंच पाट, पाठ भिंतीला, सूप समोर स्टुलावर, तासाला एकदा उठणं. विडी मोजून पैसे मिळतात, त्यामुळे तासाला उठणं तिला परवडत नाही हे खरं आहे. म्हणून सुनेने पानं कापून द्यायची आणि तिने वळायची, अशी वाटणी घरातच ठरवली.

दमा, काविळीचा इतिहास, हृदयविकार, गरोदरपणाचे २० आठवडे उलटून गेलेले, आणि पावसाळ्यात डेंगीची शंका असलेला ताप, या सगळ्यांतही डायक्लोफिनॅकच्या जातीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर टेल्मिसार्टनसारख्या आणि लघवीच्या गोळ्यांचं काय करायचं, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं. बहुधा खाणंपिणं सुधारेपर्यंत त्या थांबवायला सांगतात.

अशा घटनेची नोंद रुग्ण किंवा नातेवाईकही करू शकतात. राष्ट्रीय औषध-सतर्कता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४, आणि नोंदीचा अर्ज मराठीतही मिळतो.

घरी सोडताना मुलाला पाकिटांच्या मागचं बारीक नाव वाचायला शिकवलं: शेवटी "फिनॅक", "प्रोफेन" किंवा "कॉक्सिब" आलं की जात तीच. सुनेने अशा प्रत्येक पाकिटावर कपाळाची लाल टिकली चिकटवली. टिकली लावलेली पाकिटं दवाखान्यात परत दिली, आणि पुढे कोणत्याही दुकानात वा दवाखान्यात जाताना तिन्हींऐवजी एकच पिशवी न्यायची ठरली, कन्नड कार्ड आणि इंग्रजी कागद दोन्ही तिच्यातच.